तक्रार: घोटाळा तपास पदविकेत लॅब नाही, नोट्स जुन्या, आणि विद्यार्थ्यांची माहिती उघड

प्रति,
व्यवस्थापक, विद्यार्थी तक्रार विभाग

विषय: आर्थिक घोटाळा तपास व माहिती सुरक्षा पदव्युत्तर पदविकेतील त्रुटींबाबत

महोदय,

विद्यापीठाच्या सहकार्याने तुमची कंपनी चालवत असलेल्या वरील पदविकेची मी विद्यार्थिनी आहे. जालन्यात एका सहकारी बँकेच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात नोकरी करते. पूर्ण फी आगाऊ भरून प्रवेश घेतला तो मुख्यतः माहितीपत्रकातल्या ‘प्रत्यक्ष डिजिटल फॉरेन्सिक लॅब’ या ओळीमुळे. पहिले सत्र संपले, पण लॅब अजून सुरू झालेली नाही. विचारले की ‘रेकॉर्डिंग अपलोड केले आहे’ एवढेच उत्तर येते.

त्या रेकॉर्डिंगबद्दल सविस्तर लिहिते, कारण तक्रारीचे मूळ तिथे आहे. पेनड्राइव्हमधला पुरावा कसा जपायचा, हा विषय. प्रशिक्षक पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावतात. मध्ये राइट ब्लॉकर (पेनड्राइव्हवर काहीही लिहिले जाऊ न देणारे उपकरण) नाही, त्याचा उल्लेखही नाही. पेनड्राइव्ह लावला की विंडोज त्यावर स्वतःहून फोल्डर तयार करते, म्हणजे तपास सुरू होण्याआधीच पुराव्यात फेरफार झालेला असतो. पुढे ते फाइली उघडून दाखवतात, मग इमेज, म्हणजे पेनड्राइव्हची हुबेहूब प्रत, घेतात आणि सर्वांत शेवटी एकदाच हॅश काढतात. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, मजकूर जरा बदलला तरी ती बदलते. मूळ पेनड्राइव्हचा हॅश आधी काढलाच नाही, तर इमेजचा हॅश जुळवायचा कशाशी? उद्या बँकेत एखाद्या कर्मचाऱ्याचा संगणक ताब्यात घेण्याची वेळ आली आणि मी हेच शिकून गेले, तर आरोपीचा वकील पहिल्या उलटतपासणीतच तो पुरावा निकालात काढेल. नुकसान बँकेचे होईल, ठेवीदारांचे होईल.

कायद्याच्या नोट्सचीही तीच अवस्था. त्यात अजून जुन्या पुरावा कायद्याचे कलम 65ब, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या प्रमाणपत्राचे कलम, शिकवले जाते. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि इलेक्ट्रॉनिक नोंदींचे प्रमाणपत्र आता कलम 63 खाली द्यावे लागते. नमुन्याचे दोन भाग आहेत, भाग ‘अ’ पक्षकाराने आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा. दोन्हींत हॅश लिहावा लागतो. हा नमुना नोट्समध्ये कुठेच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांबद्दलचे कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली रद्द केले, ते मात्र ‘महत्त्वाची कलमे’ या यादीत आहे आणि सराव परीक्षेत त्यावर प्रश्नही आला. जुने 65ब शिकवायचेच, तर निदान अर्जुन पंडितराव खोतकर खटल्याचा 2020 चा निकाल तरी हवा होता. 2014 च्या आमच्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उभा राहिलेला हा वाद. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचे होते आणि मागूनही प्रमाणपत्र मिळत नव्हते. प्रमाणपत्र कधी अनिवार्य आणि ते देणाराच नकार देत असेल तर काय करायचे, हे त्या निकालात आहे. लेखापरीक्षकाला रोज लागणारी ही गोष्ट तुमच्या नोट्समध्ये एका ओळीनेही नाही.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले, त्यावर एक स्लाइड आहे. रक्कम आणि 28 देश, इतकेच तिच्यावर लिहिले आहे. बनावट स्विच (एटीएमची मागणी बँकेच्या यंत्रणेपर्यंत पोहोचवणारी प्रणाली) बसवून एटीएमच्या व्यवहारांना बँकेच्या खऱ्या यंत्रणेला वगळून मंजुरी कशी मिळत गेली, स्विचची नोंद आणि खात्यांची नोंद यांचा ताळा रोज घेतला तर असा प्रकार कुठे दिसू शकतो, हे शिकायला आम्ही सहकारी बँकांतली माणसे आलो होतो.

शेवटची बाब सर्वांत गंभीर आहे. परीक्षा अर्जाची आठवण करून देणाऱ्या तुमच्या ईमेलला जोडलेल्या एक्सेल फाइलमध्ये संपूर्ण बॅचची नावे, मोबाइल क्रमांक आणि पॅन क्रमांक होते. फाइलला पासवर्ड नव्हता. मी लगेच कळवले. ‘कृपया डिलीट करा’ असे उत्तर आले आणि विषय तिथेच थांबला. बाकीच्या विद्यार्थ्यांना तुमच्याकडून अजून काहीही कळवलेले नाही. अशी गळती लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी लागते, हे तुमच्याच अभ्यासक्रमात शिकवले जाते. तुम्ही ती कळवली का, याचे लेखी उत्तर हवे.

माझ्या मागण्या अशा: दुसरे सत्र सुरू होण्याआधी प्रत्यक्ष लॅब द्यावी, जिथे प्रत्येक विद्यार्थी राइट ब्लॉकर लावून स्वतः इमेज घेईल आणि हॅश जुळवेल. ते जमणार नसेल तर लॅबपोटी घेतलेली फी परत करावी. कायद्याच्या नोट्स दुरुस्त होईपर्यंत त्या भागावर परीक्षा घेऊ नये. पॅन क्रमांक उघड झाल्याचे सर्व विद्यार्थ्यांना लेखी कळवावे.

पत्राची प्रत विद्यापीठाच्या परीक्षा विभागालाही पाठवत आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. माहितीपत्रक, फीची पावती आणि त्या रेकॉर्डिंगमधली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. एक्सेल फाइल मात्र जोडलेली नाही, कारण त्यात इतरांची माहिती आहे.

आपली,
पदविकेची एक विद्यार्थिनी, जालना