तडकलेल्या फ्रेमला वेल्डिंग नको, आधी मापे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की मराठवाड्यातल्या सायकल दुकानांपुढे गिअरच्या एमटीबी (डोंगरी वाटांसाठीच्या, जाड टायरच्या) सायकली दुरुस्तीसाठी उभ्या दिसतात. काळ्या मातीचा चिखल चिमट्यात (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये) आणि मागच्या चाकापाशी घट्ट बसतो. तो धुऊन काढला की कधी कधी फ्रेमच्या जोडावर केसाएवढी रेघ दिसते. मग सल्ले दोनच: ‘वेल्डिंग मारून घ्या’ नाहीतर ‘नवी सायकल घ्या’. ॲल्युमिनियमच्या फ्रेमसाठी पहिला धोक्याचा आहे, दुसऱ्याची बहुतेकदा गरज नसते. चाके, गिअर आणि ब्रेक धड असतील तर नुसती फ्रेम बदलता येते.

रेघ रंगाची की धातूची, हे घरीच कळते. जागा पुसून रॉकेल लावावे (ते मिळाले नाही तर डिझेल चालते), दहा मिनिटांनी कोरडे पुसून वर खडूची पूड भुरभुरावी. धातू तडकला असेल तर आत मुरलेले तेल पुडीत झिरपते आणि रेघ ओली उमटते. हेडट्यूब (हँडलखालची उभी आखूड नळी) आणि खालची नळी यांचा जोड, पायडलच्या बीबीभोवतीचा (पायडलचा आडवा दांडा जिथे फिरतो तो) भाग, सीट क्लॅम्पखालची खाच आणि मागच्या एक्सलजवळचे जोड एवढे तपासले तरी पुरे.

लोखंडी फ्रेम चांगला कारागीर जोडू शकतो. ॲल्युमिनियमचे तसे नाही. ६०६१ जातीच्या नळीला ताकद येते ती जोडकामानंतर भट्टीत सुमारे ५३० अंशांपर्यंत तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मंद आचेवर तासन्‌तास ठेवल्यावर. नाक्यावरच्या टिग वेल्डिंगने डाग सुबक दिसतो, पण त्याच्या कडेची नळी मऊ पडते आणि पुढची तड तिथेच जाते. हेडट्यूबचा जोड म्हैसमाळच्या उतारावर सुटला तर ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही.

आता नव्या फ्रेमसाठी घ्यायची मापे. त्यासाठी टेप नव्हे, व्हर्नियर हवा. सगळ्यात जास्त घोटाळा हेडट्यूबमध्ये होतो. चिमट्याची दांडी सरळ २८.६ मिमीची असते किंवा खाली दीड इंचापर्यंत रुंद होत जाणारी, म्हणजे टेपर्ड. हेडट्यूबचा आतला व्यास ३४ मिमी असेल तर तिच्यात सरळ दांडीच जाते. ४४ मिमी असेल तर सरळ दांडी बसतेच, शिवाय खालचा कप (बेअरिंगची वाटी) बाहेर राहणारा घेतला की टेपर्डही बसते. टेपर्ड फ्रेममध्ये सरळ दांडीचा चिमटा बसवायला खालची रिड्यूसर रिंग मिळते. नव्या फ्रेमची हेडट्यूब जुनीपेक्षा २० मिमी लांब निघाली तर आधीच कापलेली दांडी तोकडी पडते आणि स्टेमला (हँडल धरणाऱ्या तुकड्याला) पकड राहत नाही. म्हणून खरेदीआधी दांडीची लांबीही मोजावी. चिमट्याचा प्रवास, म्हणजे तो किती दबतो, तोही पाहावा. १०० मिमीसाठी घडवलेल्या फ्रेमला १४० चा चिमटा लावला की हँडल संथ होते आणि हेडट्यूबच्या जोडावर नको तेवढा ताण येतो.

मागच्या दोन एक्सलखाचांमधले आतले अंतर जुन्या सायकलींत १३५ मिमी, नव्यांत १४२ किंवा १४८ असते आणि तिथे १२ मिमीचा थ्रू एक्सल (आरपार जाणारा दांडा) येतो. काही हब (चाकाचा मधला भाग) बाजूच्या टोप्या बदलून १३५ चे १४२ होतात, बाकीच्यांना चाकच नवे लागते. ॲल्युमिनियमची फ्रेम ताणून किंवा दाबून चाक बसवू नये. २६ इंची फ्रेम दुर्मिळ होत चालल्यामुळे काही जण २७.५ च्या फ्रेममध्ये २६ ची चाके घालतात. डिस्क ब्रेक असेल तर ते जमते, पण बीबी सेंटीमीटरभर खाली येते आणि पायडल दगडाला घासते. व्ही-ब्रेक असेल तर पट्ट्या रिमवर बसतच नाहीत.

बीबीच्या नळीची रुंदी ६८ की ७३ मिमी, आणि आत आटे आहेत की प्रेसफिट (आट्यांविना दाबून बसवलेली), हे पाहावे. आट्यांच्या नळीत उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, कप घड्याळाच्या दिशेने सुटतो. हे विसरून पान्याला पाइप घालून जोर लावला की आटे गेलेच. चौकोनी टोकाच्या एक्सलचे कार्ट्रिज (बंद बेअरिंगचा संच) नळीच्या रुंदीप्रमाणे नवे घ्यावे, एक्सलची लांबी मात्र जुनीच ठेवावी, नाहीतर चेनची रेषा सरकते. होलोटेक प्रकारच्या, म्हणजे आडवा दांडा क्रँकलाच (पायडलच्या भुजेला) जोडलेला असतो अशा, एमटीबी क्रँकला ६८ च्या नळीत २.५ मिमीच्या तीन चकत्या लागतात, दोन उजवीकडे आणि एक डावीकडे. ७३ ला उजवीकडे एकच.

सीटपोस्टचे (सीटखालच्या दांड्याचे) काम सोपे. ३१.६ च्या नळीत २७.२ चा पोस्ट घालायचा तर २.२ मिमी जाडीचे, शंभरेक मिमी लांबीचे, एका बाजूने उभे चिरलेले ॲल्युमिनियमचे बुश हवे. ते वाळूजला, लातूरला किंवा तालुक्याच्या गावी मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या लेथवरही होते. पुढच्या डिरेल्युअरचा (चेन सरकवणाऱ्या भागाचा) क्लॅम्प, डिस्क कॅलिपरची बैठक आणि गिअर हँगर (मागचा डिरेल्युअर टांगायची पट्टी) नव्या फ्रेमनुसार पाहावे. हँगर फ्रेमबरोबरच एक जादा घ्यावा, पुढे तोच हुबेहूब मिळेल याची खात्री नाही.

जोडताना हेडसेटचे (हेडट्यूबमधल्या बेअरिंगचे) कप हातोडीने ठोकू नयेत. हार्डवेअरच्या दुकानातली आट्यांची सळी, दोन नट आणि जाड वॉशर घेऊन दोन्हीकडून हळूहळू आवळले की कप सरळ बसतात. सीटपोस्टला आणि बीबीच्या आट्यांना ग्रीस हवेच. गिअरच्या तारा आणि आवरणे नवी घालावीत, कारण लांबी बदलते. हायड्रॉलिक नळी तोकडी पडली तर नवी टाकून ब्लीड करावे (आतली हवा काढावी). शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइलच जाते, डॉट फ्लुइडने (गाड्यांच्या ब्रेक ऑइलने) त्याची सीले फुगतात.

चेनचे १२ पूर्ण दुवे (आतला-बाहेरचा मिळून एक) १२ इंचांपेक्षा १/८ इंच जास्त भरत असतील तर कॅसेटही (मागची दातेरी चाके) गेलेली असते. अशा वेळी, किंवा सायकल मुळात स्वस्त सात गिअरची असेल तर, नवी घेण्याचा सल्ला बरोबर असतो.

दुकानदारांना विनंती एवढीच की एमटीबी विकताना बिलाच्या मागे फ्रेम क्रमांकाबरोबर हेडट्यूब, बीबी, मागचे अंतर, सीटपोस्ट आणि चिमट्याचा प्रवास ही पाच मापे लिहून द्यावीत. ग्राहकांनीही ती मागून घ्यावीत.

– एक सायकल कारागीर, परभणी