टोपली कारवीच्या घाटाची हॅट

मंगळवार पेठ, सातारा
कोजागरी पौर्णिमा

प्रिय अनंत यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळाले. काकूंचा गुडघा आता बरा आहे आणि त्या पुन्हा जिना चढू लागल्या आहेत हे वाचून घरात सर्वांनाच हायसे वाटले. मी कासच्या पठारावरून सुचलेली हॅट तयार करतो आहे ही बातमी तुझ्या वहिनींनी तुझ्यापर्यंत पोचवलेली दिसते, कारण "तीत कोणकोणती फुले खोवणार?" असे तू विचारले आहेस. एकही फूल खोवणार नाही, हे त्याचे थोडक्यात उत्तर. पण तेवढ्यावर तुझे समाधान होणार नाही हे मी जाणून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कासवर फूल तोडायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे; 2012 साली पश्चिम घाटातील जी 39 ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली, त्यांत हे पठार आहे. परंतु बंदी नसती तरी मी फुले खोवली नसती. कापडी किंवा कागदी फुले चिकटवून 'निसर्गातून प्रेरणा घेतलेली' म्हणून ज्या टोप्या विकायला येतात, त्यांत निसर्ग फक्त वरून लावलेला असतो; फुले काढून घेतली की खाली कोणतीही टोपी उरते. मला हवी होती ती वस्तू अशी, की तिचा आकार, तिचे कापड आणि तिच्यावर कोणता रंग कुठे बसावा हे सगळे त्या सड्यानेच, म्हणजे कातळाच्या पठारानेच, ठरवावे.

सड्यावर ते कसे ठरते हे तू पावसाळ्यात आलास तर तुला स्वतःच दिसेल. खाली जांभ्याचा अखंड कातळ, त्यावर कुठे बोटभर तर कुठे तेवढीही नाही अशी माती. पाणी खाली मुरत नाही, ते खळग्यांत साचते, नाहीतर कातळाच्या कडेकडेने झिरपत राहते, आणि झाडे या पाण्याच्या हिशेबाने जागा धरतात. जिथे पातळ मातीतून सतत झिरपा चालू असतो तिथे सीतेची आसवे ही इवलीशी जांभळी फुले येतात. त्या मातीत नत्र जवळजवळ नसते, म्हणून ही वनस्पती जमिनीतल्या फुगीर पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवते. तिच्या शेजारीच गेंदाची पांढरी बोंडे डोके वर काढतात. डबक्यात वायतुरा असतो, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. उघडा कातळ मात्र उघडाच राहतो. एकदा हे नीट पाहिल्यावर हॅटची मांडणी मला निराळी सुचवावी लागली नाही. कड म्हणजे सपाट कातळ, तिच्यावर काही नाही. घुमट आणि कड जिथे मिळतात तिथे पावसाचे पाणी क्षणभर थांबणार, म्हणून रंग तिथेच, आणि तोही एकाच बाजूला, तुटक तुटक.

घुमटाचा आकार टोपली कारवीचा घेतला आहे. आपण कॉलेजात असताना भीमाशंकरच्या वाटेवर पाहिलेली कारवी पुरुषभर उंच होती. ही तिची सड्यावरची बहीण गुडघ्याच्या आतबाहेरच राहते. सात वर्षांनी एकदा फुलते, त्यामुळे फुलांचाच बोभाटा होतो, पण मला तिचे फुले नसतानाचे रूप अधिक आवडते. पालथ्या घातलेल्या टोपलीसारखे गच्च, गोल झुडूप, वाऱ्याला धरायला कुठे टोकच नाही. पठारावर भर पावसात उभे राहिले की वाऱ्याने उंच टोपी डोक्यावर राहत नाही हे कळते, आणि या झुडपाचा ठेंगणा घाट किती शहाणपणाचा आहे हेही.

आता लोकरीविषयी. म्हसवडकडच्या एका धनगर कुटुंबाकडून दख्खनी मेंढीची लोकर आणली, त्यात काही जावळाची म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची आहे. काळी भरपूर मिळाली, पांढरी मात्र शोधावी लागली. या लोकरीला आता फारसे गिऱ्हाईक नाही. घोंगडी विणणारे हात कमी झाले आणि मेंढी मुख्यतः मटणासाठी पाळली जाऊ लागली; सांगलीकडच्या जत तालुक्यातील माडग्याळी मेंढी अंगाने थोराड म्हणून पुष्कळांच्या कळपात आली आहे, पण तिच्या अंगावर लोकर नावालाच असते. दख्खनी लोकर जाडीभरडी आहे, मेरिनो या परदेशी मेंढीच्या लोकरीचा मऊपणा तिच्यात नाही, आणि दुकानदार तिला नाक मुरडतात. माझे मत उलट आहे. जी लोकर माणदेशाच्या उन्हात वाढली आणि घोंगडीची खोळ होऊन पिढ्यान्‌पिढ्या पावसात उभी राहिली, तिच्यापेक्षा या कामाला लायक दुसरे काय असणार? शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषून घेते तरी हाताला ओली लागत नाही.

न विणता, नुसती लोकर लाटून जाड वस्त्र करायची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. धनगरांच्या घरी अंथरायला जेन असे, ते याच रीतीचे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि साबण लागला की ते उघडतात, चोळल्यावर तंतू एकमेकांत सरकतात, आणि खवले एकाच दिशेने असल्यामुळे मागे फिरू शकत नाहीत. युरोपात सशाच्या केसांच्या हॅट करत, त्या केसांना हा गुण पुरेसा नसल्याने ते पाऱ्याच्या क्षाराने खरखरीत करून घेत. त्या वाफांनी कारागिरांचे हात कापू लागत, मन ढळे; तरीही अमेरिकेत ती पद्धत बंद व्हायला 1941 साल उजाडावे लागले. आपल्याला पारा नको, मेंढीने सगळी सोय करून ठेवली आहे.

लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात नुसती बुडवून ठेवली. चोळली असती तर तिथेच गोळा झाला असता. वाळल्यावर कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश घेऊन पिंजली. मग साचा. माझ्या डोक्याचा घेर 57 सेंटीमीटर, त्याचे अर्धे साडेअठ्ठावीस; लोकर आटते म्हणून त्यात 40 टक्के वाढ धरून फोमच्या पातळ तक्त्याचा 40 सेंटीमीटर रुंद सपाट साचा कापला. त्याच्या दोन्ही बाजूंवर लोकरीचे अगदी विरळ थर, एक उभा, एक आडवा, पुन्हा उभा, असे चढवत गेलो, आणि कडेला राहिलेले तंतू दर वेळी उलट बाजूवर दुमडले. त्यामुळे हॅटला शिवण कुठेच नाही.

वर मच्छरदाणीचा तुकडा टाकून साबणाच्या गरम पाण्याने भिजवायचे आणि तळहात अगदी हलका फिरवायचा. पहिला बराच वेळ काहीच घडत नाही असे वाटते. हाताखाली फेस, फेसाखाली ढिला लगदा. मग केव्हातरी तळव्याखालची निसरड जाते आणि कातडीसारखे काहीतरी लागू लागते. तेव्हा चिमूट धरून पाहायचे. चिमटीत चार तंतू आले तर अजून अवकाश आहे; तंतू न सुटता अख्खा पदर वर उचलला गेला तर साचा काढून घ्यायला हरकत नाही. त्यानंतर बांबूच्या चटईत गुंडाळून लाटायचे, दिशा बदलून पुन्हा लाटायचे, की भला मोठा झोळा डोक्याच्या मापाकडे येऊ लागतो. या कामात दंड भरून येतात, आणि आमच्या घरात तर स्वयंपाकघराचा ओटाही त्या दिवशी कोणाला मिळत नाही, याची नोंद तुझ्या वहिनींनी योग्य त्या शब्दांत केली आहे.

आकार देण्यासाठी लाकडी ठोकळा आणण्याऐवजी आजीचे पितळी पातेले पालथे घातले, ज्याचा व्यास बरोबर 18 सेंटीमीटर निघाला. डोके मात्र गोल नसून लांबट असते, म्हणून पुढेमागे फडक्याच्या घड्या ठेवल्या. वाफेवर धरून घुमट बसवला आणि सावलीत वाळवला. कड ताठ राहावी म्हणून तिला चिंचोक्याची खळ दिली, जी घोंगडीच्या ताण्याला देतात तीच. आत कपाळाला लोकर टोचू नये म्हणून जुन्या धोतराची पट्टी टाचली.

रंगांचे काम थोडे आणि नाजूक. कड आणि घुमट काळ्या लोकरीचे, परंतु नैसर्गिक काळा उन्हाने तांबूस होतो, म्हणून कड हिरड्याच्या काढ्यात उकळून हिराकशीच्या, म्हणजे लोहाच्या क्षाराच्या, पाण्यातून काढली. हिराकस जास्त झाली की लोकर ठिसूळ होते, तेव्हा चिमूटभरच. जांभळ्यासाठी पांढऱ्या लोकरीला तुरटी लावून मंजिष्ठेच्या तांबड्या रंगात रंगवले आणि वरून निळीचा हलका हात दिला. त्याचे दाणे दातेरी सुईने सांध्यावर टोचून बसवले आणि मधून मधून न रंगवलेल्या पांढऱ्या लोकरीचे गेंद. सोनकी मी मुद्दाम वगळली. सप्टेंबरात ती सारा सडा पिवळा करते खरी, पण पिवळा आला की डोळा दुसरीकडे जात नाही, आणि मला झिरप्याची ती अरुंद ओळच दिसायला हवी होती.

तू कदाचित म्हणशील की एवढे कोण पाहणार? आमच्या शेजारच्या बाईंनी "चांगली आहे, पण फुले कमी वाटतात" असा अभिप्राय दिलाच. कासच्या बाजूचे एक गावकरी मात्र हॅट हातात घेऊन उलटसुलट करत राहिले आणि जांभळ्या दाण्यांवर बोट ठेवून "हे पाण्याकडंचं" एवढेच म्हणाले. बोलता बोलता त्यांनी कुंपणाचा विषय काढला. पठाराला तारा घातल्या, गुरे बंद झाली, गवत माजले आणि फुले दबली, असे ते सांगतात. तिकडे पुष्कळांचे हेच म्हणणे आहे, आणि गुरांच्या खुरांनी सडा तुडवला जातो असे म्हणणारेही आहेत.

तुझ्यासाठी याच घाटाची एक करायला घेतो आहे. पांढरी लोकर थोडी शिल्लक आहे, काळी दिवाळीपूर्वी मिळेल. त्यानंतर कळप कोकणाकडे उतरतील. म्हणून भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या फुगवट्यावरून टेप फिरवून घेर मोजावा आणि कळवावा; टेप आवळू नये, खाली एक बोट सरकेल इतकी ढिली असू द्यावी. कपाळापासून मागपर्यंतची लांबी आणि कानशिलांमधली रुंदीही लिही, म्हणजे पातेल्यावर घड्या किती घालायच्या ते मला कळेल. तुझे डोके कॉलेजातही सर्वांत मोठे होते, त्यामुळे बहुधा दुसरे पातेले शोधावे लागेल.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर