ट्रक ही गाडी नव्हे काय? केंद्रीय परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

माझ्या वडिलांच्या १९६१ सालच्या टाटा-मर्सिडीज ट्रकची विंटेज म्हणून नोंदणी व्हावी, असा अर्ज मी आमच्या परिवहन कार्यालयात केला होता. गेल्या आठवड्यात त्याचं उत्तर आलं. वाहन मालवाहू आहे, त्यामुळे विंटेजच्या व्याख्येत बसत नाही. फिटनेस करून घ्या, नाहीतर नोंदणीकृत भंगार केंद्रात जमा करा. खाली सही आणि गोल शिक्का.

याच कार्यालयाने जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानासाठी हा ट्रक माझ्याकडून मागून नेला होता. बॉनेटला हार घातला, अधिकारी केबिनमध्ये चढून फोटो काढून घेत होते. अशा गाड्या जपल्या पाहिजेत, कागदाचं आम्ही बघतो, असा शब्द चारचौघांत दिला गेला. आता विचारायला गेलो तर खिडकीवरचा माणूस मान वर करत नाही.

म्हणून मी नियमच काढून वाचला. जुलै २०२१ मध्ये आपल्या मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी नव्या तरतुदी घातल्या. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. चांगला नियम आहे, त्याची गरजच होती. पण व्याख्येत कोण आहे? दुचाकी आणि एम-१, म्हणजे माणसं नेणारी छोटी चारचाकी, आणि तीही खासगी वापराची. ट्रक ज्यात येतात ते एन-२, एन-३ हे वर्ग त्यात नाहीतच. संस्थानिकाची मोटार वारसा, आणि त्याच वर्षी, त्याच रस्त्यावरून धान्य ओढणारा ट्रक भंगार! साहेब, ही व्याख्या लिहिताना त्या टेबलाभोवती ट्रकवर घर चाललेला एकही माणूस नव्हता काय?

आमचं घर त्याच्यावर चाललं. वडील कोल्हापूरचा गूळ भरून आंबा घाटाने रत्नागिरीला उतरायचे आणि हंगामात परतीला आंब्याच्या पेट्या आणायचे. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं. तोवर कोकणचा माल घाटावर चढवला तो ट्रकनेच. बहात्तरच्या दुष्काळात रेशनचा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, याच हौद्यातून गावोगाव गेला. पॉवर स्टेअरिंग नाही, डबल क्लच मारल्याशिवाय गिअर पडत नाही, उतारावर ब्रेकपेक्षा गिअरवर भरवसा. वडिलांचा उजवा खांदा त्या स्टेअरिंगने कायमचा उतरला. शेवटच्या आजारपणात हात वर करून त्यांना शर्टही घालता येत नव्हता. त्याची भरपाई ना त्यांनी मागितली, ना मी मागतो. पण ज्या गाडीने हे सगळं केलं तिला देशाने निदान गाडी तरी म्हणावं.

ते गेल्यावर ट्रक शेताच्या कडेला उभाच होता. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला. मी नोकरीतून मोकळा झालो आणि कामाला लागलो. निवृत्त फिटर मिस्त्री मिळाले, त्यांनी लहानपणापासून याच इंजिनांची हेडं उतरवलेली. सहा सिलिंडरचं, साडेचार लिटरच्या वरचं डिझेल इंजिन. ते पूर्ण खोललं. ब्लॉक आणि क्रँक उद्यमनगरात तपासून घेतले, लायनर-पिस्टन नवे बसवले, नोझल-पंप कॅलिब्रेट केला. किंगपिनचे बुश बाजारात मिळाले नाहीत, ते लेथवर ओढून घेतले. स्प्रिंगच्या पाट्यांची कमान मारून घेतली. ९.००-२० चे टायर आजही मिळतात, पण एक साधं रबर सील शोधताना जीव मेटाकुटीला आला. निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा त्यात गेला. घरात त्यावरून बोलणी खाल्ली, अजून खातो.

आता नियमातली दुसरी अट ऐका. चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार असेल तर गाडी विंटेज नाही. मोटारीला हे ठीक आहे, ती कारखान्यातून पूर्ण होऊन यायची. ट्रक तसा येत नव्हता! तो यायचा चासिस आणि पुढचं तोंड एवढाच. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, वारा-पाऊस अंगावर घेत तो चालवत आणायचा. केबिन, हौदा, फाळका हे सगळं बांधायचे इथले सुतार, लोहार आणि पेंटर. सागवानाची चौकट, वर पत्रा, दारावर मालकाचं नाव. दहा-बारा वर्षांनी लाकूड कुजलं की बॉडी पुन्हा बांधायची. मग या ट्रकची मूळ बॉडी कुठली म्हणायची? पहिली, दुसरी की तिसरी? माझी केबिन वडिलांच्या फोटोवरून सागवानातच बांधली आहे, जुन्या पद्धतीने. हा फेरफार नव्हे. भारतात ट्रक असाच तयार होत होता, आणि नियम लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं होतं.

मग मालवाहू म्हणूनच ठेवा, असं सांगतात. ठेवून बघा. वर्षाला फिटनेस. १५ वर्षांवरच्या जड ट्रकची फी २०२१ च्या अधिसूचनेने १२,५०० वर नेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये २० वर्षांवरच्यांसाठी २५,०००. शिवाय टॅक्स, विमा. एकूण वजन ३,००० किलोच्या वर गेलं की परमिट. दमडीचा माल न भरणाऱ्या, वर्षातून चार वेळा रस्त्यावर येणाऱ्या गाडीला हे सगळं कशासाठी? धुराचं कारण सांगू नका. मी माल भरणार नाही, शहरात नेणार नाही, लिहून देतो. मोटारींना जी बंधनं आहेत ती सगळी मान्य. २०,००० रुपयेही आजच भरतो.

जर्मनीत ३० वर्षं झालेल्या, नीट जपलेल्या गाडीला 'एच' अक्षराची नंबरप्लेट मिळते, ट्रकलाही. म्हणजे माझ्या ट्रकचा तिकडचा सख्खा भाऊ सन्मानाने फिरतो. ब्रिटनमध्ये जुन्या व्यावसायिक गाड्यांची लंडन ते ब्रायटन दौड १९६२ पासून निघते.

आणि आपण? वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडले. जमशेदपूरला ट्रक बांधण्यासाठी टाटा आणि डायम्लर-बेंझचा करार १९५४ मध्ये झाला, १९६९ पर्यंत चालला. मद्रासजवळ एन्नोरला लेलँडचे कॉमेट, जबलपूरला लष्कराचे शक्तिमान, उत्तरपाड्याला बेडफोर्ड. धरणाचं सिमेंट, कारखान्याचा ऊस, सीमेवरचा दारूगोळा यांनी वाहिला. यातला कोणता ट्रक आपल्या मंत्रालयाने चालू स्थितीत जपला आहे, ते एकदा जाहीर करा. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपवून त्या भंगारात काढायला सुरुवात झाली. लिलावाआधी एखादा नमुना बाजूला काढा, असं एक वाक्य त्या आदेशात घालायला किती शाई लागली असती? या देशात राजवाड्यातली तलवार जपतात, कष्टकऱ्याचं अवजार वजनावर विकतात. गिरण्यांचे माग असेच गेले. नांगर, मोटा, चरकही असेच गेले. संग्रहालयं काढायची ती नेत्यांच्या चष्म्यांची आणि खुर्च्यांची. ज्यांच्या पाठीवर माल वाहिला गेला त्यांची आठवण ठेवायला कुठल्याच खात्याकडे कधी निधी नसतो, आणि उद्घाटनांना मात्र तो कधी कमी पडत नाही.

माझं मागणं छोटं आहे. विंटेजच्या व्याख्येत एन-२ आणि एन-३ वर्ग घाला. स्थानिक पद्धतीने पुन्हा बांधलेली लाकडी केबिन आणि हौदा हा फेरफार समजू नये, असं स्पष्ट लिहा. जुना ट्रक जाणणारा एक तरी मिस्त्री राज्याच्या तपासणी समितीवर घ्या. तोवर अशा अर्जदारांना भंगार केंद्राचा पत्ता पाठवणं थांबवा.

नकारच द्यायचा असेल तर कारणासह द्या. तरतूद नाही, हे कारण मी मानत नाही, कारण ती तरतूद करण्याचा अधिकार आपल्याच मंत्रालयाचा आहे. तीस दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारीन आणि पुढे न्यायालयात जाईन. ट्रक कापायला देणार नाही.

कळावे.

एका ट्रकवाल्याचा मुलगा,
कोल्हापूर