लोखंडी कपाटांतल्या रिळांचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या चित्रपट परंपरेविषयी आपल्या दैनिकात येणाऱ्या लेखांची कात्रणे मी गेली अनेक वर्षे जपून ठेवतो. बाबूराव पेंटर आणि त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, १९२९ साली याच गावात सुरू होऊन १९३३ मध्ये पुण्याला गेलेली प्रभात, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ, यांच्याविषयी लिहावे तितके थोडेच आहे. मात्र हे सारे लिखाण कथापटांभोवती फिरते. साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या, खते आणि इंजिने विकणाऱ्या कंपन्या यांनी स्वतःच्या खर्चाने तयार करून घेतलेले प्रचारपट आणि अनुबोधपट या जिल्ह्यात गावोगाव दाखवले जात असत, आणि त्यांच्याविषयी एक ओळही माझ्या कात्रणांच्या वहीत नाही. त्यांची रिळे आज कोणत्या कपाटात आहेत, किती शिल्लक आहेत आणि ती पाहायची झाल्यास कोणाकडे जायचे, याची साधी यादीही कोणाकडे असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ती यादी व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मी २६ वर्षे एका सहकारी संस्थेच्या प्रसिद्धी विभागात ऑपरेटर होतो. जीपमध्ये १६ मि.मी.चा प्रोजेक्टर, जनरेटर, कर्णा आणि घडी घातलेला पडदा टाकायचा, दिवस मावळायच्या आत गाव गाठायचे, शाळेच्या भिंतीला किंवा चावडीपुढे दोन बांबूंना पडदा बांधायचा आणि अंधार पडला की खेळ सुरू करायचा, असा हा क्रम होता. पन्हाळा, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांतल्या कित्येक गावांत लोकांनी ऊस लागवडीवरचा अनुबोधपट पाहिला तो टॉकीजमधला पहिला सिनेमा पाहण्याच्याही आधी.

दीड वर्षापूर्वी या संस्थेच्या जुन्या इमारतीचे नूतनीकरण निघाले. रेकॉर्ड रूममधली लोखंडी कपाटे बाहेर काढली गेली आणि त्यांतले फिल्मचे १४ डबे किलोच्या भावाने भंगारात गेले. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही. असे अनेक ठिकाणी झाले असणार. मला कळले तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते. लक्ष्मीपुरीतल्या भंगारवाल्याकडे पोहोचलो तेव्हा ५ डबे जसेच्या तसे होते आणि उरलेले ९ रिकामे होते. पत्र्याला भाव होता, आतल्या पट्टीला नव्हता, म्हणून ती त्याने काढून कोंडाळ्यात टाकली होती. त्याच्यावर मी रागावलो नाही. ज्यांनी ते डबे तयार करून घेतले त्यांनाच त्यांची किंमत कळली नाही, तर त्याने काय करावे?

घरी आणून डबे उघडले. तीन रिळे चांगली होती. चौथ्याचे झाकण निघताच व्हिनेगरचा वास खोलीभर पसरला आणि पट्टी कडेने लाटांसारखी वाकलेली दिसली. पाचवे रीळ गुळाच्या ढेपेसारखे एकसंध झाले होते. त्याचा एक फूटही उलगडता आला नाही. या वासामागचे कारण सांगणे आवश्यक आहे, कारण तो येऊ लागल्यावर फार दिवस हातात नसतात. १६ मि.मी.ची फिल्म बहुधा ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची असते. उष्णता आणि दमट हवा यांमुळे तिचे विघटन होऊन ॲसेटिक आम्ल सुटते. बंद डब्यात कोंडलेले हे आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवते आणि शेजारच्या डब्यांनाही त्याचा उपद्रव होतो. थंड आणि कोरड्या जागी ही क्रिया मंदावते. एकदा झालेली हानी मात्र भरून येत नाही. आपल्याकडची बहुतेक रेकॉर्ड रूम तळमजल्यावर, चार महिने ओल धरणाऱ्या भिंतींच्या आत असतात. त्यांत २०१९ आणि २०२१ चे महापूर आले. शाहूपुरी, दुधाळीसारख्या भागांत कागदपत्रांचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना २००३ च्या जानेवारीत आग लागली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपले केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. तेव्हापासून जुनी फिल्म म्हणजे घरातला बॉम्ब, अशी भीती लोकांच्या मनात बसली आहे. नायट्रेटची फिल्म खरोखरच अत्यंत ज्वालाग्राही असते, पण ती ३५ मि.मी.ची आणि साधारण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची. १६ मि.मी.ची फिल्म सुरुवातीपासूनच ‘सेफ्टी’, म्हणजे सहज पेट न घेणारी, म्हणून बनवली गेली. तेव्हा संस्थांच्या कपाटांत पडलेले डबे आगीच्या भीतीने काढून टाकण्याचे काहीही कारण नाही.

भंगारातून सोडवलेल्या तीनपैकी एका रिळाची डिजिटल प्रत मी निवृत्तिवेतनातून मुंबईत करून घेतली. ४०० फुटांचे रीळ, म्हणजे ११ मिनिटांचा खेळ. कारखान्याच्या गळीत हंगामाचा हा प्रचारपट कृष्णधवल आहे. नंतर करवीर तालुक्यातल्या एका गावात, त्याच गावाचे चित्रण त्यात असल्याने, तालमीच्या भिंतीवर तो दाखवला. निवेदकाचा भारदस्त आवाज नव्या महाराष्ट्राच्या उभारणीविषयी बोलत होता, पण त्याच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. वजनकाट्यापुढे लागलेली बैलगाड्यांची रांग दिसताच मागच्या बाजूने कोणीतरी ओरडले, “अरं, ही आबांची गाडी! डाव्या अंगाचा सरदार्‍या बघा!” पुढे उसाच्या मोळ्या बांधणाऱ्या बायकांचे जेमतेम दहा सेकंदांचे दृश्य येते. ते एका ऐंशी वर्षांच्या आजींनी तीनदा मागे घ्यायला लावले आणि पाचपैकी चौघींची नावे सांगितली. पाचवी कोण, यावर अंगणात बराच वेळ वाद झाला. ती चार नावे निवेदनात नाहीत आणि कारखान्याच्या दप्तरातही असण्याची शक्यता नाही. त्या रात्री मी ती डब्यात ठेवायच्या कार्डावर लिहून ठेवली. ज्याने पैसे दिले त्याला जे दाखवायचे होते ते त्या गावाने पाहिलेच नाही, आणि कॅमेऱ्यात सहज येऊन गेलेल्या गोष्टींसाठी लोक रात्री अकरापर्यंत थांबले. म्हणून नुसते जपणे पुरेसे नाही असे माझे म्हणणे आहे. रिळे लोकांपुढे आली नाहीत तर ती कशाची आहेत हेही दहा-पंधरा वर्षांनी कोणाला सांगता येणार नाही.

सरकारी अनुबोधपटांची गोष्ट थोडी वेगळी आहे. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ मध्ये झाली आणि तिचे वृत्तपट व अनुबोधपट प्रत्येक टॉकीजला खेळाआधी दाखवावेच लागत. त्याआधी, महायुद्धाच्या काळात फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड होते आणि आपले शांतारामबापू, म्हणजे व्ही. शांताराम, त्याचे प्रमुख निर्माते होते, ही गोष्ट कोल्हापुरात फारशी कोणी सांगत नाही. फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाले. त्या व्यवस्थेविषयी मतभेद असू शकतात, पण निदान तेथे साठा आहे आणि यादी आहे. कारखान्याने किंवा दूध संघाने मुंबईच्या एखाद्या लहान जाहिरात संस्थेकडून काढून घेतलेल्या प्रचारपटाला असा कोणी वाली नाही. ती जाहिरात संस्था बंद पडते, निगेटिव्ह ज्या लॅबमध्ये असते ती लॅबही डिजिटल युगात बंद होते, आणि मग कपाटातली झिजलेली, चार जागी जोड मारलेली प्रिंटच जगातली एकमेव प्रत ठरू शकते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईत पुंडलिक आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. आपल्या देशातल्या अनुबोधपटाचा आरंभ तेथून मानतात आणि तो चित्रपट आज पाहायला मिळत नाही. कुस्तीच्या या पंढरीत तरी त्याची हळहळ वाटायला हरकत नाही.

हक्कांचा प्रश्न लगेच पुढे केला जातो, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणी चित्रपट तयार करून घेतला आणि उलट करार झालेला नसला, तर पहिला मालक तो करून घेणाराच असतो. म्हणजे प्रायोजित चित्रपटाच्या बाबतीत परवानगी बहुधा त्या संस्थेच्याच हातात आहे. शिवाय चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. १९६० मध्ये प्रकाशित झालेला चित्रपट २०२१ च्या १ जानेवारीपासून सर्वांना खुला झाला. संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतातच. ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात दहा विषय दहा मिनिटांत उरकण्याची आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. त्यांतच अकरावा विषय घ्यावा, की संस्थेच्या मालकीची रिळे तपासून, त्यांची प्रत काढून ती लोकांना पाहण्यासाठी खुली करण्यास ही सभा संमती देत आहे. या विषयावर नामंजुरीची घोषणा कोणी देईल असे वाटत नाही.

फुकट दाखवले तर मोल राहत नाही, असे एका संचालकांनी मला ऐकवले. अमेरिकेत रिक प्रेलिंगर या गृहस्थांनी १९८० च्या दशकापासून कंपन्यांचे प्रचारपट, शाळांसाठीचे शैक्षणिक पट आणि हौशी लोकांची रिळे, म्हणजे इतरांनी टाकाऊ ठरवलेला माल, गोळा केला. २००२ मध्ये तो संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला. त्यातले हजारो चित्रपट इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता आणि उतरवून घेता येतात. व्यावसायिक कामासाठी उत्तम दर्जाची प्रत हवी असेल तर तिचे शुल्क घेतले जाते. आपल्या संस्थांनाही हे जमण्यासारखे आहे.

कामाची सुरुवात यादीपासून व्हावी. शिवाजी विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आणि करवीर नगर वाचन मंदिरासारखी जुनी संस्था यांनी मिळून जिल्ह्यातल्या कारखाने, संघ, बँका आणि शाळांना एक साधा तक्ता पाठवला तरी पुरे: डबे किती, डब्यावर लिहिलेले काय, पट्टी १६ ची की ३५ ची, वास येतो की नाही. वासाची रिळे लगेच वेगळी ठेवावीत आणि त्यांच्या प्रती आधी काढाव्यात. जुन्या प्रोजेक्टरवर रीळ चढवून ‘चालते का बघू’ असे कोणीही करू नये, कारण आकसलेल्या पट्टीची भोके दात्यांवर बसत नाहीत आणि पहिल्याच फेरीत ती फाटतात. प्रत काढल्यावर मूळ रीळ फेकायचे नाही, हेही लेखी बजावावे लागेल. लग्नाच्या सीडी दहा वर्षांत उघडेनाशा झाल्याचा अनुभव घराघरात आहे, आणि नीट ठेवलेली फिल्म त्याच्या कितीतरी पट टिकते.

माझ्याकडे हाताने फिरवायचा रिवाइंडर, जोड मारण्याचे यंत्र आणि भिंग अजून चालू स्थितीत आहेत. ज्या संस्थेला आपल्या कपाटात काय आहे हे जाणून घ्यायचे असेल, तिने आपल्या दैनिकाच्या कार्यालयामार्फत निरोप पाठवावा. मी स्वखर्चाने येऊन डबे तपासून देईन. मृगाच्या आत निरोप आला तर बरे, कारण पावसाळ्यात मी कोणतेही रीळ उघडत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ऑपरेटर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर