दालमिलच्या फोनला कुलूप लावण्याआधी

लातूर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझं बोलणं अर्धवटच राहिलं. तुझ्या उदगीरच्या मिलमध्ये नवं ईपीएबीएक्स, म्हणजे आतले सगळे फोन बाहेरच्या लाइनला जोडणारं मशीन, बसलंय आणि मुनीमजी म्हणतायत की मालक आणि हिशेबनीस सोडून सगळ्यांचं आउटगोइंग बंद करा. हे फोनवर सांगताना गडबड होते, म्हणून सावकाश लिहितो.

मुनीमजींची भीती जुन्या काळची आहे. आडतीवरचा तो काळा फोन आठवतो ना? डायलच्या भोकात इवलंसं पितळी कुलूप अडकवलेलं आणि किल्ली शेटजींच्या जानव्याला. तरी पोरं फोन लावायचीच. रिसीव्हर ठेवायची खटकी ठराविक लयीत दाबायची, तीनसाठी तीनदा, शून्यासाठी दहादा, की लागला नंबर. डायलसुद्धा आत तेवढंच करायचा, लाइन तोडायचा आणि जोडायचा. तेव्हा एसटीडीचं बिल बघून पोटात गोळा यायचा, हे खरंय. आता बहुतेक प्लॅनमध्ये देशभर बोलणं फुकटच असतं. हमालानं घरी एक फोन केला तर तुझं काय जातंय? आणि मोबाइल त्याच्याही खिशात असतोच.

जातं ते परदेशी फोनमध्ये. मशीन इंटरनेटला जोडलेलं असेल आणि एक्स्टेंशन, म्हणजे आतला फोन, नंबर २०५ आणि त्याचा पासवर्डही २०५ च असेल, तर कुठला तरी चोर रविवारी रात्री आत शिरतो आणि महागड्या परदेशी नंबरांवर तासन्‌तास कॉल सोडतो. सोमवारी मिल उघडेपर्यंत सगळं उरकलेलं असतं आणि बिल तुझ्या नावावर. म्हणून ०० नं सुरू होणारं, म्हणजे परदेशी (आयएसडी), सगळं बंद कर, मालकाच्या टेबलावरचंही. शिवाय टेलिफोन कंपनीला अर्ज देऊन लाइनवरच आयएसडी बंद करून घे. म्हणजे मशीन फसलं तरी पुढं दार बंदच.

आता मुख्य घोळ. बसवणारा पोरगा जुन्या सवयीनं 'एसटीडी लॉक' टाकून जाईल, म्हणजे शून्यानं सुरू होणारा नंबर अडवायचा. पण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावायला आधी शून्य लागतं. त्या लॉकमध्ये सगळे मोबाइलही अडकतात. मग तुम्ही 'फोन खराब आहे' म्हणून तक्रार करत बसणार. बरं, ०६, ०७, ०८, ०९ तेवढे मोकळे सोडावेत म्हटलं तर ०८ मध्ये बीदरचा ०८४८२ येतो आणि ०७ मध्ये नागपूरचा ०७१२. आकडेही सारखेच, शून्य सोडून दहा, म्हणजे मशीनला मोबाइल आणि एसटीडी वेगळे ओळखता येत नाहीत. उदगीरवाल्याला बीदर आणि हैदराबाद बंद करून भागणार आहे का? सीमेवरच्या गावानं एसटीडीच्या भानगडीत पडूच नये, असं माझं मत. शून्य मोकळं ठेव, दोन शून्यं बंद.

बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य दाबायची पद्धत ठेवलीस तर मोबाइलला दोन शून्यं होतील आणि आयएसडीला तीन. तुझं मशीन नंबर तपासताना ते पहिलं शून्य धरतं की सोडतं, हे त्या पोराकडून वदवून घे. नाहीतर आयएसडीच्या नावाखाली मोबाइलच बंद पडायचे.

एक्स्टेंशनचे नंबर १०१ पासून देऊ नकोस, हे तर ठणकावून सांगतो. १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलिसांसकट सगळ्यांसाठी. गोदामात आग लागली, कुणी घाबरून १०१ दाबला आणि घंटी वाजली कॅन्टीनमध्ये, असं नको. २०१ पासून चालू कर. हे तीन नंबर प्रत्येक फोनवरून लागले पाहिजेत, गेटवरच्याही, आणि आधी शून्य दाबा किंवा नका दाबू. घाबरलेल्या माणसाला शून्य आठवत नसतं.

अजून एक चोरवाट राहिली, कॉल फॉरवर्डची. गेटचा फोन तू आतल्या आत ठेवलास, पण हिशेबनीसानं आपला २०४ मोबाइलवर वळवला, तर गेटवरून २०४ दाबणारा थेट बाहेर जातो. बऱ्याच मशीनमध्ये वळवलेला कॉल वळवणाऱ्याच्या परवानगीनं जातो. म्हणून बाहेर फॉरवर्ड करायची मुभा एकदोघांनाच दे. रात्रीसाठी वेगळा क्लास, म्हणजे कुठल्या फोनवरून काय लागेल याची वेगळी परवानगी, ठेवता येतो, तोही लाव. मिल बंद झाल्यावर तीन आपत्कालीन नंबर आणि वॉचमनला लागणारे दोन मोबाइल, एवढंच चालू.

झाल्यावर प्रत्येक फोनपाशी स्वतः उभा राहून लावून बघ. तुझा मोबाइल, बीदरची पेढी, आणि ०० लावून काहीतरी. ११२ तपासताना समोरून उचलला तर गप्प ठेवून देऊ नकोस, चाचणी होती म्हणून सांग. आणि मशीनचा प्रोग्रामिंग पासवर्ड बसवणाऱ्यानं ठेवलेला तसाच राहू देऊ नकोस. नवा टाक आणि तो मुनीमजींच्या वहीत लिहून ठेव, त्यांचीही समजूत निघेल.

एक्स्टेंशनची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, मी खुणा करून देतो. तुरीची आवक कशी आहे यंदा? काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बाळू