भिंतीवरच्या दोन रेघा

ताई,

आमच्या पाठी वाचाव्यात म्हणून वखारीच्या भिंतीवर तुम्ही खडूने ओढलेल्या दोन रेघा आता ऑइलपेंटने पक्क्या करून घेतल्यात. एक गुडघ्याला, एक खांद्याला. पोतं उचलणं-ठेवणं या दोन्हींच्या मधेच. बेळगावात पाटीवरच्या अक्षरांवरून डोकी फुटतात. रेघ मात्र मराठी-कानडी सगळ्याच हमालांना कळली.

तुमच्या आधी एक साहेब येऊन गेले. इंग्रजी पोस्टर चिकटवलं, कमरेचे पट्टे वाटले, फोटो काढले, गेले. धडधाकट माणसाची पाठ पट्ट्याने वाचते याला पुरावा नाही, हे तुमच्याकडून कळलं. आणि 'गुडघ्यात वाकून उचला' म्हणे! ५० किलोचं पोतं गुडघ्यांच्या मधे मावतं का? ते पुढेच राहतं. पाठीचे स्नायू मणक्यामागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर, पोतं पुढे ४० वर. अंतर आठपट, म्हणजे स्नायूंना ५० च्या आठपट, ४०० किलोची ओढ, वाकलेल्या अंगाचं वजन वेगळंच. पोतं पोटाला भिडवून अंतर निम्मं केलं की पोत्याची ओढही निम्मी.

तुम्ही पोतंच वर आणलंत. थप्पीखाली एकावर एक तीन लाकडी पॅलेट, म्हणजे फळ्यांच्या चौकटी, की सगळ्यात खालचं पोतंही गुडघ्याला येतं. थप्पी उंच गेली तर पोत्यांचीच पायरी. जमिनीवरून उचलावंच लागलं तर दोघांनी, सारख्या उंचीच्या, आणि हाक एकानेच द्यायची. वळायचं ते पावलं टाकत. पाय रोवून कंबर पिळली की चमक भरलीच. पावसात ट्रकच्या फळीवर आडव्या पट्ट्या हव्यातच, कारण पाय घसरल्यावर पोतं सावरायला जातो तेव्हाच पाठ जाते.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे. खांद्याची रेघ तुम्ही सगळ्यात बुटक्याच्या मापाने ओढलीत आणि गुडघ्याची सगळ्यात उंचाच्या. त्या बुटक्या म्हाताऱ्याला भिंतीशी उभं करताना विचारलंत, "मामा, खांद्याला हात लावू का?" दिवसभर 'ए हमाल' ऐकणारा माणूस हो म्हणायचंच विसरला. माणुसकीला खर्च येत नाही, तरी बाजारात तिचाच तुटवडा.

पायात बधिरपणा, लघवी अडकणं, जांघेत संवेदना जाणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी मोठा दवाखाना, हेही नव्या पोरांना सांगून ठेवलंय. मुकादमही आता त्याला 'नाटक' म्हणत नाही.

तुमचे,
वखारीतले हमाल