घड्याळ चालते आहे, मग तक्रार कसली?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुनी, संग्राह्य घड्याळे ऑनलाइन विकताना ग्राहकाची दिशाभूल कशी होते, याचा अनुभव मला नुकताच आला. रक्कम साडेपाच हजारांची होती, म्हणजे कोणी देशोधडीला लागावे अशी नव्हे. परंतु तक्रार केल्यावर विक्रेत्याने जे उत्तर दिले, त्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्या मनगटावर एच.एम.टी.चे ‘जनता’ हे चावीचे घड्याळ असे आणि त्याच्या तबकडीवरचे आकडे देवनागरीत होते. मी वेळ पाहायला त्याच तबकडीवर शिकलो. पुढे एस.टी.च्या एका प्रवासात ते हरवले. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. आज त्या जुन्या नगांमागे संग्राहक लागलेले असतात, आणि देवनागरी आकड्यांच्या ‘जनता’ला तर विशेष मागणी आहे. मी संग्राहक नव्हे. मला फक्त तसेच एक घड्याळ हवे होते.

एका ऑनलाइन बाजारपेठेवर ते दिसले. ‘बंद पडलेल्या दुकानाच्या साठ्यातील, कधीही न वापरलेले, सर्व भाग मूळचे’ असे वर्णन होते. घड्याळ आले, मी चावी दिली, कानाला लावले आणि पहिले दोन दिवस अक्षरशः लहान मुलासारखा मिरवत राहिलो. तिसऱ्या दिवशी औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरे वाचायला ठेवलेले भिंग सहज तबकडीवर धरले, तेव्हा ७ या आकड्याची गाठ शाईने बुजलेली दिसली, १० मधल्या शून्याला एका बाजूने पोट सुटलेले दिसले आणि मिनिटांच्या रेषा चारच्या आसपास चक्क काठाबाहेर गेलेल्या दिसल्या. कारखान्यातून निघालेल्या तबकडीवरची छपाई अशी नसते, हे कळायला तज्ज्ञ असावे लागत नाही.

मी ते घेऊन आमच्या पेठेतल्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागचे झाकण उघडले आणि आधी झाकणाची आतली बाजूच मला दाखवली. तिथे सुईच्या टोकाने कोरलेल्या तीन वेगवेगळ्या हातांच्या खुणा होत्या आणि त्यांतल्या एकीत ‘९४’ हे साल स्वच्छ वाचता येत होते. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या झाकणात आपली खूण आणि तारीख कोरून ठेवण्याची कारागिरांची जुनी रीत आहे. म्हणजे ‘कधीही न वापरलेले’ हे घड्याळ निदान तीन वेळा कोणाच्या तरी टेबलावर उघडले गेले होते. तबकडी यंत्रात पक्की बसवणारा तिच्या मागचा एक पाय तुटलेला होता आणि ती सरळ गोंदाने चिकटवलेली होती. घड्याळजी म्हणाले, “साहेब, मशीन अस्सल आहे, सतरा ज्वेलचे, म्हणजे आत सतरा खडे बसवलेले आहे, अजून वीस वर्षे चालेल. तबकडी मात्र गेल्या वर्षीची असावी.”

विक्रेत्याला हे कळवले तेव्हा त्याचे उत्तर आले, “घड्याळ चालते आहे ना? मग तक्रार कसली?” मी पुन्हा लिहिले, तर कळवण्यात आले की मागचे झाकण उघडले गेल्यामुळे ते आता परत घेता येणार नाही. थोडक्यात, झाकण उघडल्याशिवाय खोटेपणा कळत नाही आणि उघडले की परतीचा हक्क जातो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात निदान वस्तू हातात घेता येते, विक्रेत्यासमोर झाकण उघडायला लावता येते आणि मगच पैसे द्यायचे की नाही ते ठरवता येते. ऑनलाइन व्यवहारात ग्राहकाच्या हाती फक्त वर्णन आणि छायाचित्रे असतात. म्हणून अशा वस्तूच्या बाबतीत वर्णन हाच मालाचा मोठा भाग असतो. नुसती वेळच पाहायची असती, तर पाचशे रुपयांचे, सेलवर चालणारे घड्याळ मला पुरले असते.

तबकडी पुन्हा रंगवणे हा गुन्हा आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. गंजलेल्या, डागाळलेल्या तबकड्या नव्या करून, एका घड्याळाचा भाग दुसऱ्याला लावून आपल्या गल्लीबोळांतल्या कारागिरांनी हजारो घड्याळे चालती ठेवली आहेत. ‘तबकडी नव्याने रंगवलेली’ असे सांगून हेच घड्याळ हजार-दीड हजाराला विकले असते, तर मीही कदाचित आनंदाने घेतले असते. पण हे न सांगण्याची सवय इतकी रुळली आहे की परदेशातील संग्राहक अशा भडक रंगवलेल्या, जोडतोड केलेल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ या नावानेच ओळखतात. आपल्या शहराचे नाव अशा कारणासाठी जगभर व्हावे, हे वाचून मराठी माणसाला काय वाटते ते सांगायला नको.

कायदा या बाबतीत मुका नाही. माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे, हे वस्तुविक्री अधिनियमाने १९३० पासून सांगितलेले आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही; आणि वर्णन व छायाचित्रे प्रत्यक्ष वस्तूशी जुळतील, अशी हमी बाजारपेठेने विक्रेत्यांकडून घ्यायची असते. अडचण अशी की एखाद्याने घरातले एकच जुने घड्याळ विकले, तर तो व्यापारी ठरत नाही आणि याच पळवाटेचा आधार घेऊन पुष्कळ जण ‘आजोबांचे घड्याळ’ म्हणून माल खपवतात. माझ्या विक्रेत्याच्या पानावर मात्र अशी चाळीसहून अधिक घड्याळे होती. इतके आजोबा कोणालाच नसतात.

या बाजारपेठांनी जुन्या घड्याळांसाठी ‘तबकडी मूळची की पुन्हा रंगवलेली’ हा रकाना सक्तीचा करावा, यंत्राचे व झाकणाच्या आतल्या बाजूचे छायाचित्र दिल्याशिवाय ‘मूळचे’ हा शब्द वापरू देऊ नये, आणि झाकण उघडले एवढ्याच कारणावरून परती नाकारू देऊ नये, अशी माझी मागणी आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

मी बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुसऱ्याच दिवशी विक्रेत्याच्या पानावरील वर्णनातून ‘मूळचे’ आणि ‘कधीही न वापरलेले’ हे दोन्ही शब्द नाहीसे झाले आणि त्या जागी ‘जुन्या धाटणीचे’ असे आले. माझ्या मुलीने खरेदीच्या दिवशीच त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला होता, म्हणून आज माझ्याकडे पुरावा आहे. अधिकाऱ्याने तक्रारीचा निपटारा महिनाभरात करायचा असतो. ती मुदत पुढच्या आठवड्यात संपते. विक्रेता परराज्यातील असला, तरी ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. तेव्हा त्यानंतरचा माझा अर्ज सातारा जिल्हा ग्राहक आयोगापुढे असेल.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा